पाणी निवळलं, विष कुठे गेलं?



काही वर्षांपूर्वी मी एका दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत ड्युटीला होते. वस्तीतलाच एक पोरगा आला, वीस-बावीस वर्षांचा. उजव्या हाताच्या बोटावर, सांध्याजवळ, एक छोटा गोल खड्डा पडला होता. कडा जाड आणि वर आलेल्या, मधे खोल, जणू पंच मारून भोक पाडलंय. दुखतं का विचारलं तर म्हणाला, "दुखत नाही सिस्टर, पण भरतच नाही. तीन महिने झाले."

आम्ही साखर तपासली, ती ठीक निघाली. मलम बदललं, गोळ्या बदलल्या. पोरगा येत राहिला, खड्डा तसाच. एकदा पट्टी बांधताना तो बोलत होता आणि श्वासाबरोबर नाकातून बारीक शिट्टी वाजल्यासारखी ऐकू आली. टॉर्च मारून पाहिलं, तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक. तेव्हा कुठे मी त्याला विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: "काम काय करतोस रे?"

"प्लेटिंगमध्ये हेल्पर आहे. क्रोमच्या टाकीवर."

त्याच्या टाकीतलं विष धुवून निघालेलं पाणी कारखान्याबाहेर कुठे जातं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून लागला. उत्तर शोधताना इंजिनियर लोकांना भेटले, पाणी शुद्ध करायचे प्लांट पाहिले, नाल्याकाठी फिरले. कारखान्याचं सांडपाणी रसायनांनी आणि विजेने कसं साफ करतात, आणि साफ केल्यावर मागे काय उरतं, ते या पानावर सांगते. वाचताना एकच गोष्ट धरून ठेवा: पाण्यातून काढलेला धातू नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो.

क्रोमियमची दोन रूपं

मोटारसायकलचं हँडल, नळाची तोटी, खुर्चीचे पाय यांना जी आरशासारखी चकाकी असते, ती बऱ्याचदा क्रोमच्या मुलाम्याची असते. हा मुलामा क्रोमिक ॲसिडच्या टाकीत वीज सोडून चढवतात. टाकीतून वस्तू बाहेर काढली की तिच्या अंगावर ते द्रावण चिकटून येतं. मग ती साध्या पाण्यात बुडवून धुतात. हे धुणावळीचं पिवळं पाणी म्हणजेच कारखान्याचं सांडपाणी.

क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत भेटतं. एक सहा-क्रोमियम, ज्याला हेक्साव्हॅलंट म्हणतात. ते पिवळं ते नारिंगी असतं, पाण्यात सहज विरघळतं आणि शरीराच्या पेशींत सहज शिरतं. कातडीवर खोल व्रण, नाकाच्या पडद्याला भोक, दमा, आणि वर्षानुवर्षं त्याचे फवारे श्वासात गेले तर फुप्फुसाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलं आहे. कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, असा या गटाचा अर्थ. दुसरं रूप तीन-क्रोमियम. ते हिरवट असतं, साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही आणि त्याचा धोका खूपच कमी. सुरी तीच, पण म्यानात घातलेली.

पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. कारखान्याने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात सहा-क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम, ही वरची हद्द आहे.

इथे एक लबाडी चालते. काही जण विषारी पाण्यात साधं पाणी मिसळून आकडा खाली आणतात. लिटरला ५० मिलिग्रॅम सहा-क्रोमियम असलेलं एक लिटर पाणी ०.१ वर आणायचं तर त्याचं ५०० लिटर करावं लागेल. एवढं करूनही विषाचा एक कणसुद्धा कमी झालेला नसतो. पाणी वाढवणं म्हणजे पाणी साफ करणं नव्हे.

तुरटी इथे का पुरत नाही?

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आपण हंड्यात तुरटी फिरवतो. थोड्या वेळाने गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन भार असतो. तो कणांचा भार मारतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला जातात.

कारखान्यांच्या प्लांटमध्येही तुरटी किंवा तिच्यासारखी लोखंडाची क्षारं वापरतात. पण त्याने गढूळपणा जातो. सहा-क्रोमियम कणासारखं तरंगत नाही, ते मिठासारखं विरघळलेलं असतं. मिठाच्या पाण्यात तुरटी फिरवून पाणी गोडं होत नाही, तसंच हे. म्हणून आधी त्याचं रूप बदलावं लागतं आणि मग ते खाली बसवावं लागतं.

रसायनांची पद्धत

पहिली पायरी: सांडपाण्यात ॲसिड घालून पीएच २ ते ३ पर्यंत आणतात. पीएच म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी. ७ म्हणजे मधलं, त्याखाली आंबट, त्यावर खारट-तुरट, चुन्याच्या निवळीसारखं. मग त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. सहा-क्रोमियमचं तीन-क्रोमियम होतं आणि पिवळं पाणी डोळ्यांदेखत हिरवं होतं. मेटाबायसल्फाइटऐवजी हिराकसही चालतं. हिराकस म्हणजे लोखंडाचं क्षार, फेरस सल्फेट.

दुसरी पायरी: चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच ८ ते ९ वर नेतात. तीन-क्रोमियम तिथे विरघळलेलं राहू शकत नाही. हिरवट-राखाडी कापसासारखे पुंजके तयार होतात. ते मोठे व्हावेत म्हणून चिकट रसायनाचे थोडे थेंब सोडतात.

तिसरी पायरी: पाणी संथ टाकीत ठेवतात, पुंजके तळाला बसतात. वरचं पाणी गाळून बाहेर सोडतात. खालचा चिखल फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या करतात. कारखान्यात याला 'स्लज' म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण चुकायला जागा बऱ्याच आहेत. ॲसिड कमी पडलं तर पहिली पायरी अर्धवट राहते, सहा-क्रोमियम तसंच पुढे जातं, आणि दुसऱ्या पायरीत ते खाली बसत नाही. कॉस्टिक खूपच जास्त झालं तर खाली बसलेलं क्रोमियम पुन्हा विरघळू लागतं. मेटाबायसल्फाइट ॲसिडमध्ये पडलं की सल्फर डायऑक्साइडचा झोंबणारा वायू उठतो. दमेकरी माणसाला तो लगेच घेरतो. म्हणून त्या टाकीवर झाकण आणि हवा ओढणारा पंखा हवा, आणि पीएच बघायला मीटर हवा. अंदाजाने मग ओतून हे काम होत नाही.

विजेची पद्धत

दुसरी वाट विजेची. टाकीत लोखंडाच्या पट्ट्या उभ्या करतात आणि बॅटरीत असतो तसा एकाच दिशेचा प्रवाह सोडतात. धन बाजूची पट्टी हळूहळू झिजते आणि तिचं लोखंड पाण्यात उतरतं. हिराकस घालून जे लोखंड मिळतं, तेच इथे पट्टीतून मिळतं. ते सहा-क्रोमियमचं तीन-क्रोमियम करतं आणि स्वतः गंजासारखे पुंजके होऊन क्रोमियमला मिठीत घेऊन बसतं. ऋण बाजूला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. वीज लावून केलेली तुरटीच समजा.

फायदा असा की फारसं ॲसिड लागत नाही, रसायनांची पोती आणि कॅन कमी हाताळावे लागतात, यंत्र लहान जागेत मावतं. तोटाही आहे. पट्ट्या झिजतात, त्यांच्यावर थर चढतो, त्या घासाव्या आणि बदलाव्या लागतात. विजेचं बिल येतं. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून तिथे बिडी-काडी नको आणि खोली मोकळी हवी.

आणि गाळ? एक ग्रॅम सहा-क्रोमियम मोडायला सुमारे सव्वातीन ग्रॅम लोखंड लागतं. मेटाबायसल्फाइट आणि कॉस्टिकने केलं तर एक ग्रॅम क्रोमियममागे सुकलेला गाळ साधारण २ ग्रॅम होतो. लोखंडाने केलं, मग ते हिराकस असो की विजेची पट्टी, तर तोच साधारण ८ ग्रॅम होतो. मशीन विकणारे सांगतात, "रसायन नाही, प्रदूषण नाही." तेव्हा त्यांना गाळाचा हिशोब विचारायचा.

जे मोडतं आणि जे मोडत नाही

सगळे प्रदूषक धातू नसतात. कापडाचे रंग, फिनॉलसारखी रसायनं ही कार्बनची बनलेली असतात. ती खरोखर मोडता येतात. हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र केलं की फार आक्रमक कण तयार होतात आणि ते रंगाचे तुकडे पाडतात. हेन्री फेंटन या शास्त्रज्ञाने १८९४ साली या जोडीचा परिणाम नोंदवला, म्हणून तिला फेंटनची पद्धत म्हणतात. वीज सोडूनही असे कण तयार करता येतात. प्रक्रिया पूर्ण झाली तर शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं.

प्लेटिंगच्या काही टाक्यांत सायनाइड असतं. तेही मोडता येतं: पीएच १० च्या वर ठेवून क्लोरीनचं द्रावण घालतात, मग पीएच ८.५ च्या आसपास आणून पुन्हा घालतात. पण हेच सायनाइडचं पाणी क्रोमच्या ॲसिडी पाण्यात मिसळलं, तर हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो. तो मिनिटांत माणूस मारतो. म्हणून या दोन पाण्यांच्या मोऱ्या आणि टाक्या कायम वेगळ्या हव्यात. आपल्या घरातही याची धाकटी बहीण आहे: संडास धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीच एकत्र टाकू नका. क्लोरीन वायू उठतो आणि छाती भरते.

धातूचं मात्र तसं नाही. क्रोमियम, निकेल, शिसं जळत नाहीत, सडत नाहीत, त्यांचे तुकडे पडून दुसरं काही होत नाही. तांबं, निकेल किंवा चांदी विजेने पत्र्यावर पुन्हा जमवून वापरता येते. पातळ झालेल्या क्रोमच्या पाण्याला ते परवडत नाही. म्हणून मुळात पाण्यात कमी जाऊ देणं हाच शहाणपणा. वस्तू टाकीवर थोडा जास्त वेळ निथळू दिली, धुण्यासाठी एकापाठोपाठ टाक्या ठेवून पुढचं पाणी मागे वापरलं, दिखाऊ कामासाठी सहाऐवजी तीन-क्रोमियमची टाकी घेतली, तर साफ करायला कमीच उरतं.

गाळ कोणाच्या दारात?

आता त्या पोराकडे परत येते. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की याला क्रोमच्या टाकीवरून हलवा. मालकाने हलवलं. कुठे? फिल्टर प्रेसवर, गाळ खरवडून पोत्यात भरायला. टाकीतलं जे विष त्याच्या नाकात गेलं होतं, ते आता पोत्यात त्याच्या खांद्यावर आलं. वस्तीतल्या बायकांनी नंतर मला सांगितलं की तशीच पोती रात्री टेम्पोतून येतात आणि नाल्याकाठच्या मोकळ्या जागेत भराव म्हणून पडतात. रिकामी पोती धुवून कुणी झोपडीवर ताडपत्रीसारखी टाकली होती.

कायदा काय सांगतो? २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे प्लेटिंगचा गाळ हा घातक कचरा आहे. तो कारखान्यात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. परवानगी असलेल्या गाडीतून, 'मॅनिफेस्ट' नावाच्या कागदासह, खास जागेवरच पाठवायचा असतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशा जागा आहेत. तिथे गाळात सिमेंट, चुना वगैरे मिसळून तो घट्ट करतात आणि अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. म्हणजे तिथेही विष संपत नाही, कोंडून ठेवतात. पण ते विहिरीपासून, बोअरपासून आणि पोराबाळांपासून लांब असतं.

उघड्यावर पडलं तर काय होतं, ते देशाने पाहिलं आहे. तामिळनाडूत रानीपेटला क्रोमेट बनवणारा एक कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला. मागे लाख टनांहून अधिक कचरा उघड्यावर राहिला आणि भूजलात क्रोमियम उतरलं. उत्तर प्रदेशात कानपूर देहातच्या रनिया-खान चांदपूर भागात क्रोमियमचा कचरा वर्षानुवर्षं पडून राहिला. तिथल्या हातपंपांना पिवळं पाणी आलं आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

गाळातलं तीन-क्रोमियम म्यानातली सुरी आहे असं मी म्हटलं. पण म्यान निघू शकतं. चुना मिसळलेला असा गाळ जाळला किंवा वीटभट्टीत गेला, तर उष्णतेने त्यातल्या काही भागाचं पुन्हा सहा-क्रोमियम होतं. चामड्याचे क्रोम लावलेले तुकडे शेकोटीत टाकले तरी हाच धोका. म्हणून असलं काही चुलीत, बंबात किंवा शेकोटीत घालू नका.

आपण काय करायचं?

घरासाठी:

• बोअरचं किंवा हातपंपाचं पाणी पिवळं येत असेल तर ते पिऊ नका, त्यावर स्वयंपाक करू नका. उकळून क्रोमियम जात नाही. पाणी आटतं आणि विष दाट होतं. तुरटीनेही जात नाही, क्लोरीनच्या थेंबांनीही नाही. ते उपाय जंतूंसाठी आणि गढूळपणासाठी आहेत.

• भरून ठेवल्यावर पाणी तांबूस होऊन तळाला गंज बसत असेल, तर बहुधा ते लोखंड. पिवळं पाणी तसंच नितळ राहत असेल तर शंका घ्या. पण डोळ्याला पिवळेपणा दिसण्याच्या कितीतरी आधीच हद्द ओलांडलेली असते. म्हणून खात्री प्रयोगशाळेचीच.

• सरकारी प्रयोगशाळेत बाटली देताना "पिण्यायोग्य आहे का" एवढंच विचारलं तर अनेकदा फक्त जंतू तपासतात. अर्जात "एकूण क्रोमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम" असं स्पष्ट लिहा.

• भंगारातून आणलेल्या रसायनाच्या निळ्या ड्रममध्ये पिण्याचं पाणी भरू नका, कितीही घासला तरी.

प्लेटिंगला जाणाऱ्या भावा-बहिणींसाठी:

• रोज रात्री बोटांचे सांधे, नखांची मुळं आणि नाक बघा. न दुखणारा, न भरणारा खड्डा, नाकात खपल्या, वारंवार घोळणा फुटणं, ही धोक्याची घंटा आहे.

• फाटका हातमोजा नसल्यापेक्षा वाईट, त्यात पाणी साठतं. कामाचे कपडे कामावरच बदला. घरी आणलेच तर लेकरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

• ॲसिड उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धुवा, डोळ्यात गेलं तरी तसंच, आणि मग दवाखाना.

• डॉक्टर विचारो न विचारो, "मी क्रोमच्या टाकीवर काम करतो" हे पहिलं वाक्य सांगा. क्रोमचे व्रण १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहेत. केसपेपरवर कामाची नोंद असेल तरच पुढे भरपाईचा दावा उभा राहतो.

वस्तीसाठी:

• नाल्याचा रंग बदलला, पोती पडली, की तारीख, वेळ आणि फोटो ठेवा. पोत्यांना हात लावू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

• माहितीच्या अधिकारात त्या कारखान्याचं संमतीपत्र आणि घातक कचऱ्याचा वार्षिक अहवाल मागा. वर्षात किती गाळ झाला आणि किती पाठवला, हे त्यात असतं. संमतीपत्रात रोजच्या पाण्याचा आकडा मोठा आणि गाळ जवळपास शून्य असेल, तर एकतर पाणी साफच होत नाही, नाहीतर गाळ आपल्याच आसपास पडतोय.

हा शेवटचा हिशोब आमच्या बायकांनी विहारात बसून, वहीत रेघा मारून केला. त्यांच्यातल्या दोघी चौथीपर्यंत शिकलेल्या. पुढच्या पाहणीला मंडळाचे साहेब आले तेव्हा नळाखाली ग्लास धरून म्हणाले, "बघा ताई, पाणी किती स्वच्छ आहे." त्यातली एक म्हणाली, "पाणी दिसतंय साहेब. गाळाचे कागद दाखवा."

त्या पोराचं बोट भरलं, काम सुटल्यावर सात-आठ आठवड्यांनी. तिथे पांढरा वण राहिला. नाकातलं भोक तसंच आहे.